भांडवलशाही की समाजवाद: सामान्य माणसाचं राहणीमान नेमकं कशाने सुधारतं?

तुम्ही विचारलंय की लोकांचं राहणीमान भांडवलशाहीने सुधारलं की समाजवादाने. कॉलेजातल्या वादात एक गट जर्मनीचं उदाहरण देतो आणि दुसरा केरळ-स्वीडनचं, असंही लिहिलंय. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कोकणातल्या शाखांमध्ये तीस वर्षं शेतीकर्जाचं काम केलं आणि आता देवगड तालुक्यात घरची हापूसची बाग बघतो. म्हणून सुरुवात आमच्या घरापासून करतो.

माझ्या आजीकडे राहणीमानाचं माप एकच होतं, आगोटीची बेगमी. पाऊस लागायच्या आत घरात भात किती, सुकी मासळी किती, मीठ-मिरची आणि लाकूडफाटा किती, यावर पुढचे चार महिने ठरत. श्रावणात भात संपलं की नाचणीची पेज, आणि नाचणीही संपली की कोणाच्या तरी दारात जाणं. ती म्हणायची, "खोताचां भरान उरात तां आपलां." खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा माणूस, पण प्रत्यक्षात गावचा धनीच. अर्धेलीने जमीन कसली तर निम्मं भात त्याच्या खळ्यात जाई, वर वेठ वेगळी. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही हे कित्येक कुळांना ठाऊक नसे. अशा जमिनीत दहा वर्षांनी फळणारं झाड कोण लावणार? कोकणाचं दारिद्र्य नुसतं लाल मातीमुळे होतं असं सांगणाऱ्याला मी हा प्रश्न विचारतो.

हे आपोआप बदललं नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी संप केला आणि जवळपास सहा वर्षं जमिनी ओसाड ठेवल्या. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षं! १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ साली. त्यानंतर कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळं मोबदल्याचे हप्ते भरून मालक झाली.

आता सांगा, हा समाजवाद होता की भांडवलशाही? सरकारने कायदा करून एकाची जमीन दुसऱ्याला दिली, म्हणजे समाजवाद म्हणायला हरकत नाही. पण ती जमीन सरकारने स्वतःकडे ठेवली नाही. कुळाच्या नावावर केली, खाजगी मालमत्ता म्हणून. माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे. राबणाऱ्याच्या नावावर वस्तू झाली की घर वर येतं, आणि एकट्या घराला जे पेलत नाही ते सगळ्यांनी मिळून उचललं की ते वर आलेलं घर टिकतं.

पहिल्या अर्ध्याचा पुरावा चीनमध्ये आहे. तिथेही जमीनदारांची जमीन काढून शेतकऱ्यांना वाटली होती. मात्र काही वर्षांतच ती परत गोळा केली आणि १९५८ पासून मोठ्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीत, घातली. कोणी किती राबलं याचा आणि घरात किती आलं याचा संबंध तुटला, वर खोटे आकडे कळवले गेले, त्या आकड्यांवरून धान्य उचललं गेलं, आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं गेली. पुढे १९७८ साली आन्ह्वेई प्रांतातल्या श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप करार केला: जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा ठरलेला वाटा भरायचा, वरचं आपलं. पकडले गेले असते तर तुरुंगच होता. पुढच्याच हंगामात धान्य इतकं वाढलं की सरकारला तीच पद्धत देशभर मान्य करावी लागली. तीच माती आणि तीच माणसं होती. "सरकारचां भरान उरात तां आपलां" ही अट तेवढी नवी होती, आणि सरकारचा वाटा ठरलेला होता. त्यानंतरच्या चार दशकांत चीनमध्ये सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले असं जागतिक बँक सांगते.

जर्मनीचं उदाहरण तुमच्या मित्रांना माहीत आहेच. एक भाषा, एक इतिहास, दोन व्यवस्था: पूर्व जर्मनीत समाजवाद, पश्चिम जर्मनीत भांडवलशाही. १९४९ पासून १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत सुमारे २७ लाख माणसं पूर्वेकडून पश्चिमेला गेली. पूर्वेला ट्राबांट गाडी मिळायला दहा-दहा वर्षं थांबावं लागे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नवल वाटणार नाही, स्कूटर आणि टेलिफोनसाठी तेही वर्षानुवर्षं यादीत थांबले आहेत. तेव्हा कारखाने, दुकानं आणि शेती सगळं सरकारच्या मालकीचं करा असं कोणी म्हणत असेल तर माझा ठाम नकार आहे. ते करून पाहिलं गेलंय आणि त्याची किंमत गरिबांनीच दिलीय.

पण याचा अर्थ मालकावर सोडून द्या असाही होत नाही, आणि हे मी माझ्या वडिलांकडे बघून शिकलो.

वडील मुंबईत परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गावच्या मंडळाची एक खोली होती, तीत पाळीपाळीने वीसेक माणसं झोपत, जेवण खानावळीत. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, आणि त्या पैशावर मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याचं घर उभं राहिलं, मी शाळेत गेलो, बहिणीचं लग्न झालं. खोताच्या खळ्यातून पिढ्यान्‌पिढ्या जे मिळालं नव्हतं ते एका गिरणीमालकाच्या पगारातून वीस वर्षांत मिळालं. हे मी कधीच नाकारणार नाही. त्या पगारामागे कामगार संघटना होत्या, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कायदे होते, चाळीचं भाडं वाढू न देणारा कायदा होता, हेही तितकंच खरं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटलाच नाही. वडील दुसऱ्या वर्षी एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, तेव्हा घरात आशा होती, पण त्या गिरण्याही पुढे बहुतेक बंदच झाल्या. यंत्रं जुनी होती, कापड यंत्रमागाकडे गेलं होतं, आणि मालक बदलला तरी ते गणित बदलणार नव्हतं. गिरणी बुडाली तरी मालकाकडे परळ-लालबागची जमीन होती, आणि आज तिथे टॉवर आहेत. कामगाराकडे काय होतं? आमच्याकडे नशिबाने गावची जमीन होती, कुळकायद्याने मिळालेली. वडील तिच्यावर परतले. ज्यांच्याकडे तीही नव्हती त्यांची मुलं कुठे गेली हे मी आजही शोधत असतो.

म्हणून व्यवस्थेचं नाव काहीही असो, नुकसान झालं की ते कोणाच्या अंगावर पडतं हे मी आधी बघतो. गुहागर तालुक्यातला एन्‌रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प आठवा. सगळे त्याला भांडवलशाही म्हणत. पण करार असा की वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाने पैसे द्यायचे, आणि वर केंद्र सरकारची प्रतिहमी. नफा कंपनीचा, धोका जनतेचा. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, ती मंडळाला परवडेना, २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प थांबला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत ती कंपनीच दिवाळखोर झाली. बाजारात धोका पत्करणाऱ्याला नफा मिळावा, हे मला मान्य आहे. धोकाच न पत्करता नफ्याची हमी मागणं म्हणजे पुन्हा खोतीच.

याच किनाऱ्यावर उलटं उदाहरणही आहे. आमचे तेव्हाचे खासदार मधु दंडवते पक्के समाजवादी. १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. राहणीमान म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला तो फोम आठवतो. पुढे ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये, कोकण रेल्वेचं महामंडळ झालं. भागभांडवलात केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकीचा मोठा पैसा रोख्यांनी बाजारातून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ७४१ किलोमीटरचा मार्ग बांधला गेला आणि २६ जानेवारी १९९८ पासून तो पूर्ण खुला झाला. दोन समाजवादी मंत्र्यांनी बाजारातला पैसा सार्वजनिक कामाला लावला. कोणत्याही खाजगी कंपनीने सह्याद्रीच्या पायथ्याशी ९० हून जास्त बोगदे स्वतःच्या खिशातून खणले नसते. आज कणकवलीहून रात्री पेशंटला गाडीत बसवलं की सकाळी तो मुंबईच्या हॉस्पिटलात असतो.

माझ्या बँकेतल्या दिवसांत सगळ्यात मोठा फरक मी पाहिला तो फळबाग योजनेने. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना जुनीच. १९९० च्या सुमारास तिला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणायचे, आंब्या-काजूची कलमं लावायची, आणि त्याची मजुरी हमीतून. पुढच्या वर्षीचं अनुदान कलमं जगली असतील तरच. ज्या वरकस डोंगरावर पूर्वी दोन-तीन वर्षांनी एकदा वरी-नाचणी निघायची, तिथे बागा झाल्या. कष्टाची पहिली वर्षं सरकारने पोट सांभाळलं, झाड मात्र शेतकऱ्याचं राहिलं आणि आंबा वाशीच्या बाजारात गेला. कोणत्याही कर्जयोजनेने माझ्या शाखेत एवढं काम केलं नाही.

तरी ही योजना जिथे अडली तिथे नेहमी एकच कागद आडवा आला, सामाईक सातबारा. माझ्या टेबलासमोर माणूस बसायचा, सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मयत, उरलेली मुंबईत. तारण घ्यायचं कोणाचं? एका गृहस्थाने अशा न वाटलेल्या जमिनीत साठ कलमं लावली, उन्हाळाभर घागरीने पाणी घातलं. झाडं मोहरायला लागली त्या वर्षी चुलतभाऊ हिस्सा मागायला आले. दोन वर्षं फवारणी झाली नाही, बागेत रान माजलं. तो माणूस मला म्हणाला, "साहेब, खोत बरो होतो, एकच होतो." भांडवलशाहीवर बोलणारी पुस्तकं मालमत्तेच्या हक्कावर इतका भर का देतात, हे मला त्या दिवशी समजलं. मालकी नक्की नसेल तर बाजार असूनही उपयोग नाही.

मालकी नक्की असली तरी दलाल उरतोच. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, दलाल उचल देतो, आणि एप्रिलमध्ये माल त्यालाच घालावा लागतो. पट्टीवर, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबावर, जो भाव येईल तो घ्यायचा. यातून सुटका करणाऱ्या दोन गोष्टी मी पाहिल्या: सहकारी सोसायटीचं स्वस्त कर्ज, आणि मोबाइल. पहिली समाजवादी म्हणा, दुसरी १९९१ नंतर खुल्या झालेल्या बाजाराची. आज माझा पुतण्या फोनवर ऑर्डर घेऊन पेट्या थेट पुण्याला पाठवतो.

केरळचं म्हणाल तर तिथे १९५७ मध्ये निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार, जमीनसुधारणा, गावोगाव शाळा आणि दवाखाने, हे सगळं खरं. त्याने माणसं शिकली आणि जगली. पण घरं बांधली गेली ती आखाती देशांतून येणाऱ्या पैशाने, जशी आमची गिरणीच्या मनीऑर्डरीने, आणि रत्नागिरीकडची कित्येक घरंही आखाती पैशानेच. स्वीडनला समाजवादी म्हणणं मला पटत नाही. तिथले मोठे कारखाने आणि दुकानं बहुतांशी खाजगीच आहेत. सरकार भरपूर कर घेतं आणि शिक्षण, औषधपाणी, बेकारीतला आधार सगळ्यांना देतं. मला विचाराल तर माझ्या वडिलांना १९८३ साली हवं होतं ते हेच.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे कुळकायद्याचा उपाय चालत नाही, ती म्हणजे समुद्र. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण ओढतात. सारा गाव किनाऱ्यावरून दोर ओढतो आणि मासळीचे वाटे पडतात, हाताचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. मग पर्ससीन आले, म्हणजे यांत्रिक बोटीने मासळीच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचं प्रचंड जाळं. ज्याचं भांडवल मोठं त्याचं जाळं मोठं, आणि समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पण रात्री एलईडीचे दिवे लावून मासेमारी चालतेच. इथे प्रत्येकाला तुकडा वाटून देता येत नाही आणि मोकळं सोडलं तर उरत नाही. नियम हवा, आणि तो पाळायला लावणारी गस्तीची बोट हवी. गेल्या खेपेला किनाऱ्यावर गेलो तेव्हा रापणीला ओढायला पन्नास माणसं होती, आणि वाट्याला आली ती अर्धी-अर्धी टोपली तारली.