वही भिजली, ॲपमध्ये आकडा चुकला, आता बँकेत काय दाखवायचं?

प्रश्न: मी साक्री तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची सचिव आहे. आम्ही 11 जणी, आठवड्याला 50 रुपये भरतो, 80 आठवडे झाले, अजून बँकेचं कर्ज घेतलेलं नाही, आता पहिल्यांदा घ्यायचंय. पावसात पत्र्यातून पाणी गळून कर्जाची वही भिजली, पानं चिकटली. सीआरपी ताईंनी, म्हणजे उमेद या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गावातल्या कार्यकर्तीने, मोबाईलमधल्या ॲपमध्ये सगळं आधीच भरलंय म्हणून मी निर्धास्त होते, परवा बघितलं तर फिरता निधी, म्हणजे आपसांत कर्ज द्यायला गटाला उमेदकडून मिळालेली रक्कम, त्यात दिसतच नाही, आणि आमच्यात एकाच नाव-आडनावाच्या दोघी चुलत जावा आहेत, त्यातल्या धाकटीने भरलेले हप्ते मोठीच्या नावावर पडलेत. धाकटी थकबाकीदार दिसते म्हणून रुसून बैठकीला येत नाही. सीआरपी ताई म्हणतात, आता सगळं ऑनलाइन आहे, वह्यांचं काय घेऊन बसलात. काय करू?

उत्तर: ताई, आधी वही उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली वाळत घाला, उन्हात पानं कडक होऊन तुटतात. आणि टाकू तर अजिबात नका. सीआरपी ताईंवर चिडू नका, एकेकीकडे कितीतरी गट असतात, पण त्यांचं वह्यांबद्दलचं म्हणणं साफ चुकीचं आहे. उमेदच्या गटाला कर्ज द्यायचं तर गट किमान 6 महिने नीट चालू हवा, आणि हे 6 महिने मोजायचे ते गटाच्या हिशोबाच्या वह्यांवरून, बँक खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनेतच आहे. गट चालवायच्या पाच नियमांच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रसुद्धा वह्या अद्ययावत ठेवणं हेच आहे. मोबाईलमध्ये जे जातं ते वहीतूनच जातं ना, मग वही चुकली की मोबाईल चुकणारच, फक्त तिथे चूक छान टाईप केलेली दिसते म्हणून खरी वाटते.

आता फिरता निधी. ही किरकोळ चूक नाही, हिशोब करून बघा. 11 जणी गुणिले 50 गुणिले 80, म्हणजे बचत झाली 44,000. गटातल्या कर्जांवर व्याज आलं असेल समजा 6,000, आणि फिरता निधी मिळाला असेल समजा 30,000. एकूण निधी 80,000. पहिलं कर्ज निधीच्या 6 पट किंवा कमीत कमी दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते धरायचं असतं, म्हणजे तुमचे 4,80,000 होतात. पण बँकेने ॲपमधली नुसती बचत धरली तर 2,64,000 वर थांबेल. दोन लाख सोळा हजाराचा फरक, तोही एक रकाना रिकामा राहिला आणि व्याज धरायचं राहून गेलं म्हणून! मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, तिथे साहेब आधी छापील कागद बघतो, निधीत व्याज आणि फिरता निधी दोन्ही धरायचे असतात हे सांगावं लागतं, आणि सांगणारी बाई घाबरलेली असली की राहून जातं. तुम्ही घाबरू नका, फिरता निधी मिळाल्याची बँक पासबुकातली नोंद दाखवा.

जावांचं जरा निवांत करू. पुढच्या बैठकीला 11 जणींना आपापलं सदस्य पासबुक आणायला सांगा, धाकटीला घरी जाऊन स्वतः बोलवून आणा, निरोप पाठवू नका. गटाच्या बँक खात्याचं स्टेटमेंट काढून ठेवा. मग एकेकीचं पासबुक मोठ्याने वाचायचं, कर्ज किती घेतलं, कोणत्या तारखेला किती फेडलं, बाकी किती, आणि नव्या वहीत लिहायचं. भिजलेल्या वहीतलं जे वाचता येतं ते पडताळून घ्या. जिथे जुळणार नाही तिथे दुसऱ्या रंगाच्या पेनाने खूण करा, ओढूनताणून जुळवू नका. सगळं झालं की इतिवृत्तात ठराव लिहा, आजच्या तारखेला प्रत्येकीची बचत इतकी, कर्जबाकी इतकी, हातातली शिल्लक इतकी, बँकेत इतकी, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे. त्या ठरावाची झेरॉक्स आणि दुरुस्तीचा अर्ज सीआरपी ताईंकडे द्या, पोच घ्या, आणि दुरुस्ती झाली की स्क्रीनवर डोळ्यांनी बघा. दोघी जावांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव पूर्ण लिहा, नुसतं धाकटी-थोरली चालणार नाही.

धाकटीला एक सांगा. गटातल्या गटात घेतलेल्या कर्जाच्या या चुकीने लगेच तिचं सिबिल बिघडत नाही. पण बँकेचं कर्ज आलं की कुणाच्या वाट्याला किती गेलं ही सदस्यवार माहिती बँकेने क्रेडिट कंपन्यांना द्यायची असते, तेव्हा हाच घोळ पुढे चालू राहिला तर तिच्या नावावर डाग बसेल. म्हणून आत्ताच मिटवा.

आणखी एक, मोबाईल नंबर. नाबार्डने 15 मार्च 2015 ला ई-शक्ती, म्हणजे बचत गटांचे हिशोब ऑनलाइन भरायचा उपक्रम, सुरू केला तो झारखंडमधल्या रामगढ आणि तुमच्याच धुळे जिल्ह्यात, त्यात बैठकीतली नोंद झाली की सदस्याला आपल्या भाषेत मेसेज जायचा. कल्पना उत्तम होती, पण मी बघितलंय की निम्म्या जणींचा नंबर मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. मेसेज त्याला, हप्ता आईचा, आणि तो वाचतो कशाला! ॲप कोणतंही असो, नंबर स्वतःचा द्या, नसेल तर बैठकीत दर महिन्याला आकडे मोठ्याने वाचा.

प्रश्न: आमच्या गावात एका फायनान्स कंपनीचा माणूस येतो, म्हणतो तुमच्या गटाचा सगळा डाटा ऑनलाइन आहेच, फक्त ओटीपी सांगा, दहा मिनिटांत कर्ज. घ्यावं का? (एक सदस्य, शिरूर)

उत्तर: ओटीपी नाही म्हणजे नाही. गटाची माहिती भरलेली असणं आणि तुम्ही कर्जाला हो म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हे बचत गटाचं कर्ज नसतं, बायका तुमच्याच असल्या तरी कर्ज प्रत्येकीच्या एकटीच्या नावावर असतं. उमेदच्या महिला गटांना बँकेकडून 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी मिळतं, कंपनीचं बहुतेकदा 20 च्या वर. तातडीच असेल तर त्याच्याकडून व्याजदर आणि सगळे खर्च लिहिलेला कागद मराठीत मागा, तो देणं रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमाने त्याला बंधनकारक आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, हाही तोच नियम. मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. कागद मागितल्यावर तो माणूस परत आला तर मला कळवा.