अल्बममधलं 'मिग' नक्की कोणतं?

प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पाडणारेत म्हणून माळा रिकामा करत होतो, त्यात आजोबांचा काळ्या पानांचा अल्बम मिळाला. आजोबा बंगळुरूला विमानाच्या कारखान्यात इंजिन फिटर होते आणि मधे काही काळ इजिप्तला गेले होते एवढंच घरात माहितीये. एका फोटोत वाळूत उभं छोटं लढाऊ विमान आहे, खाली बाबांनी पेनाने 'मिग' लिहिलंय, काका म्हणतात नॅट (आपल्या हवाई दलाचं जुनं छोटं लढाऊ विमान) आहे. स्कॅन पाठवतोय, नक्की कोणतं ते सांगाल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : स्कॅन आल्यापासून तीन रात्री मी त्याच्यापुढेच बसलोय, इतकं भारी काहीतरी तुमच्या माळ्यावर पडून होतं!

आधी हवा आत कुठून जाते ते बघा, मी जुन्या फोटोत नेहमी तिथूनच सुरुवात करतो, कारण रंग आणि नंबर बदलतात पण ही भोकं सहसा बदलत नाहीत. मिग-२१ चं नाकच उघडं असतं, गोल भोक आणि मधे सुळका. तुमच्या फोटोत नाक बंद आणि टोकदार आहे, हवेची भोकं कॉकपिटच्या दोन्ही अंगांना आहेत. म्हणजे मिग बाद. नॅटची भोकं बाजूलाच असतात, त्यामुळे काकांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, पण नॅटचे पंख मागे झुकलेले असतात आणि हे तर सरळ समोशासारखे त्रिकोणी आहेत, वर मागे वेगळी आडवी शेपटीही आहे. आता उभ्या शेपटीवरचा झेंडा मोठा करून बघा, तीन पट्टे आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यात दोन बारीक ठिपके. त्या चांदण्या आहेत, संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा, म्हणजे तेव्हाच्या इजिप्तचा झेंडा.

हे सगळं जुळतं ते एकाच विमानाशी, हेलवान एचए-३००. पंखांची रुंदी ६ मीटरसुद्धा नाही, फक्त ३ प्रोटोटाइप बनले. मूळ डिझाइन जर्मन विमान डिझायनर विली मेसरश्मिट यांचं, काम स्पेनमध्ये सुरू झालं, स्पेनने हात आखडता घेतल्यावर इजिप्तने कैरोजवळ हेलवानला पुढे नेलं. आणि ७ मार्च १९६४ ला ते पहिल्यांदा उडवलं कोणी, तर आपल्या हवाई दलाचे टेस्ट पायलट कपिल भार्गव यांनी! हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी समोरच्याला नवीन असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमच्या आजोबांकडे येऊ. बंगळुरूलाच बनणाऱ्या आपल्या मारुत या लढाऊ विमानाचं इंजिन कमी ताकदीचं पडत होतं आणि या विमानासाठी तिकडे फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० नावाचं जोरदार इंजिन बनवत होते, ते मारुतला बसेल का हे बघायला आपलं एक मारुत इजिप्तला नेऊन त्यावर ते इंजिन लावून उडवलंही. तेव्हा बंगळुरूचा इंजिन फिटर हेलवानच्या वाळूत उभा असणं मला तरी अगदी पटतं. १९६९ मध्ये इजिप्तने प्रोजेक्ट गुंडाळला. एक एचए-३०० म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आहे, आणि मारुत बघायला तर लांब जायला नको, वरळीला नेहरू सायन्स सेंटरला आहे.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका, जुना गोंद कागद घेऊनच निघतो, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. आहे तसाच पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. कोपरे आपोआप सुटले असतील तर मागची बाजूही स्कॅन करा, तिथे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असू शकतो. आणि फोटोत विमानाच्या शिडीवर उभा आहे तो माणूस कोण हे आजीला विचारून मला नक्की कळवा.