गणवेश, शिस्त आणि न्याय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उभं राहून हात सोडले की स्कर्ट बोटांच्या टोकांखाली यायला हवा, असा शाळेचा नियम आहे. माझी मुलगी उंच आहे. तिला दोनदा तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तेवढ्याच लांबीचा स्कर्ट तिच्या मैत्रिणीला चालतो. तक्रार कशी करावी?

उत्तर : या नियमात कपड्याचं माप राहतं बाजूला, मोजलं जातं मुलीचं अंग. हात लांब असले की तोच स्कर्ट आखूड ठरतो. शिवाय या वयात उंची भराभर वाढते. वर्षाच्या सुरुवातीला बसणारा गणवेश अखेरीस वर चढतोच, त्यात मुलीचा काय दोष? ‘गुडघ्यापर्यंत’ हे माप अधिक न्याय्य, आणि सगळ्यांना पँटचा पर्याय दिला तर मोजायची वेळच येत नाही.

तक्रार लेखी करा. तारीख, तास, कोण काय म्हणालं आणि वर्ग किती वेळ बुडाला, एवढंच लिहा. नियमाचा छापील मजकूर आणि त्यामागचं कारण मागा. मैत्रिणीचं नाव मात्र घालू नका. तसं केलं की नियम बाजूला राहतो आणि तिलाही शिक्षा होते. मागणी एकच ठेवा : कपड्यांबद्दल चिठ्ठी घरी पाठवा, मूल वर्गातच बसू द्या.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. नियम एकच, तरी काही शिक्षकांकडून गणवेशाच्या तक्रारी सतत येतात, काहींकडून एकही नाही.

उत्तर : नियमावलीतले ‘सभ्य’, ‘भडक’, ‘नीटनेटका’ हे शब्द आधी काढा. त्यांचा अर्थ ज्याचा तो लावतो. मग एक सत्रभर वही ठेवा : तारीख, इयत्ता, मुलगा की मुलगी, नियम क्रमांक, नोंदवणारे शिक्षक, केलेली कारवाई. नुसते आकडे पाहू नका, पटाशी प्रमाण ताडून पाहा. मुली निम्म्या असताना ४० नोंदींपैकी ३० त्यांच्याच असतील, तर दोष बहुधा नियमात किंवा तपासणीत आहे.

प्रश्न : मारामारीवरून मुलाला तीन दिवस घरी बसवलं. आधी माफीनामा लिहून घेतला, विचारपूस नंतर. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. सही झालेला माफीनामा कबुलीच ठरतो, मग चौकशीत ऐकायला उरतंच काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात १० दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठीही किमान रीत घालून दिली : आरोप सांगायचा, मुलाने नाकारला तर पुरावा सांगायचा, त्याची बाजू ऐकायची. हे काम दहा मिनिटांत होतं. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम २८ मध्येही आहे.

मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आजच लिहून घ्या. आठवण लवकर पुसट होते. ते जोडून फेरविचाराचा अर्ज द्या. निर्णय ज्यांनी दिला, त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी तो ऐकावा असं त्यात स्पष्ट लिहा, आणि तीन दिवसांचा बुडालेला अभ्यास व चाचण्या भरून देण्याची मागणीही त्याच अर्जात करा.