शोदोसाठी काय घ्यावं, काय घेऊ नये

प्रश्न : जपानी सुलेखन, म्हणजे शोदो, शिकायचंय. ऑनलाइन मिळणारा लाकडी पेटीतला मोठा संच घ्यावा का? (वाचक, पुणे)

शक्यतो नको. अशा पेटीत बारीक कुंचलेच जास्त असतात, आणि शिकणाऱ्याला हवा असतो एक चांगला जाड कुंचला. सहा वस्तू पुरतात : कुंचला (फुदे), शाई, शाईचा दगड (सुझुरी), हान्शी कागद, खाली अंथरायचं फेल्ट (शिताजिकी) आणि कागद दाबून ठेवणारी धातूची पट्टी (बुनचिन). जपानी शाळेत तिसरीत कुंचला हाती येतो, तेव्हा त्या मुलांकडेही साधारण एवढंच असतं; नाव लिहायला एक बारीक कुंचला जास्तीचा.

पैसे कुंचल्यावर घाला. केसांची जाडी मुळाशी साधारण १ सें.मी. आणि लांबी ४ ते ५ सें.मी. असावी. केस ‘केंगो’, म्हणजे कडक आणि मऊ केसांचं मिश्रण असलेले घ्या. नुसत्या बकरीच्या केसांचा कुंचला शाई भरपूर धरतो, पण दाबला की आडवा होतो आणि उचलल्यावर लवकर सरळ होत नाही. नवख्या हाताला तो आवरत नाही. जलरंगाचा आखूड कुंचला रेघ अर्ध्यावर असतानाच कोरडा पडतो. हिरोशिमाजवळचं कुमानो हे कुंचल्यांचं गाव आहे. तिथला साधा कुंचलाही बरीच वर्षं साथ देतो.

प्रश्न : दोन महिन्यांतच कुंचल्याच्या टोकाला दोन फाटे फुटले. कुंचला खराब निघाला का?

बहुतेक वेळा दोष धुण्यात असतो. टोक स्वच्छ दिसतं, पण केस दांड्यात शिरतात तिथे शाई राहते, वाळते आणि केसांना आतून फाकवते. त्यामुळे लिहून झाल्यावर लगेच, बारीक धारेखाली, अंगठा आणि तर्जनीने मूळ दाबत राहा. टोकाचं पाणी लवकर स्वच्छ होतं. मुळातून काळं येणं थांबेपर्यंत हात काढू नका. साबण नको, केसांचं तेल जातं. मग टोक बोटांनी जुळवून कुंचला टोक खाली करून टांगा. सोबत आलेली प्लास्टिकची टोपी टाकून द्या : ती घालताना केस मुडपतात आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते.

फाटलेला कुंचला कोमट पाण्यात काही तास बुडवून मूळ चोळून बघा. शाई सरसाची असेल तर सुटते. कृत्रिम रेझिनची असेल तर एकदा वाळल्यावर सहसा सुटत नाही.

नवा कुंचला खळीने कडक केलेला असतो. टोकाकडून सुरुवात करून, कोमट पाण्यात, दोन-तृतीयांश केस मोकळे करा. बारीक कुंचल्याचं मात्र फक्त टोक सोडवायचं आणि वापरानंतर ओल्या कागदावर पुसायचं.

प्रश्न : बाटलीतली शाई घ्यावी की कांडी उगाळावी?

रोजच्या सरावाला बाटली. पण आठवड्यातून एकदा तरी कांडी उगाळा, कारण शाई दाट-पातळ कशी होते ते हाताला तेव्हाच कळतं. काजळी, सरस आणि थोडा सुगंध मिळून ही कांडी, म्हणजे सुमी, बनते. जपानमधल्या बहुतेक सुमी नारा शहरात तयार होतात.

सुझुरी म्हणजे एका टोकाला खळगा असलेली सहाणच. सपाट भागाला ‘ओका’ (जमीन) म्हणतात, खळग्याला ‘उमी’ (समुद्र). ओकावर पाण्याचे काही थेंब घ्या आणि कांडी गोल फिरवत सावकाश उगाळा. चंदन उगाळताना देतो तसा जोर इथे देऊ नका. हाताचं वजन पुरे. जोर दिला की काजळीचे कण जाडसर निघतात आणि काळा रंग निस्तेज दिसतो. कांडी फिरल्यावर मागे उमटलेली वाट हळूहळू मिटू लागली की शाई उमीत ढकला आणि पुन्हा थेंब घ्या.

कांडी लगेच पुसा. ओली तशीच दगडावर राहिली तर चिकटून बसते. उन्हात वाळवली तर तडकते. उरलेली शाई टाका, सरस कुजून वास येतो. आणि बाटलीतली शाई दगडावर वाळू देऊ नका : खरखर बुजते, मग कांडी नुसती घसरते.

प्रश्न : हान्शीऐवजी ए-फोर कागद चालेल का?

नाही. त्यावर शाई वरच राहते. फुटलेली किंवा कोरडी रेघ ओळखूच येत नाही. हान्शी साधारण २४ × ३३ सें.मी. असते, गुळगुळीत बाजू वर ठेवायची. नुसत्या रेघा गिरवायला मात्र जुनं वर्तमानपत्र खुशाल वापरा.