जुना लॅपटॉप, मराठी अक्षरजुळणी आणि लिनक्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विंडोजला पर्याय असलेली लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घरी किंवा कार्यालयात रोज वापरणाऱ्या, किंवा वापरू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या अडचणी अनेकांनी कळवल्या, त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. त्यात चार जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ या यंत्रावर चालणार नाही, असा संदेश येतो. मला ईमेल, बँकेची कामे, व्हिडिओ पाहणे आणि थोडे लेखन एवढेच करायचे असते. लॅपटॉप भंगारात द्यावा का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. विंडोज १०साठीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर त्याआधीच्या पिढीचा असणार, म्हणून तो संदेश येतो. याचा अर्थ यंत्र निकामी झाले असा होत नाही.

आपल्यासाठी मी लिनक्स मिंटची (लिनक्सच्या एका तयार संचाची) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवीन. मिंट २२ ही मालिका २०२४ साली आली आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. ती पेनड्राइव्हवर घेऊन, लॅपटॉपमधले काहीही न पुसता, आधी त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्या वेळी वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का, एवढ्या चार गोष्टी तपासा. वेगावरून मात्र मत बनवू नका, कारण पेनड्राइव्हवरून सगळेच संथ चालते.

लिनक्स घालण्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे. चार जीबी रॅमच्या यंत्रात सर्वांत जास्त वाट पाहावी लागते ती डिस्कची, आणि ही अडचण कोणतीही कार्यप्रणाली पूर्णपणे दूर करू शकत नाही. काढलेली हार्ड डिस्क वेगळ्या डबीत घालून जपून ठेवा, म्हणजे आपली जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे जशीच्या तशी हाताशी राहतील. बँकेची कामे फायरफॉक्स किंवा क्रोममधून नेहमीसारखीच होतात.

प्रश्न : आमच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडून आहे. लिनक्सवर त्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. शिवाय ‘ऱ्य’ कसा टाइप करावा आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे का दिसतात, हेही कळत नाही.
— प्रकाशनसंस्थेतील संपादन सहायक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतला पहिला लिनक्समुळे उद्भवलेला नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी मजकूर साठवलेलाच नसतो, विशिष्ट फॉन्ट लावल्यावर मराठी दिसेल अशी इंग्रजी चिन्हांची रांग असते. तो फॉन्ट नसेल तर कोणत्याही संगणकावर गोंधळच दिसेल. मजकूर वाचवायचा असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याला पर्याय नाही, आणि हे काम जुनी यंत्रे चालू आहेत तोवर करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रूपांतर करताना दोन जागी हमखास चुका होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनानंतर येत असे. युनिकोडमध्ये नेमके उलट आहे, तिथे उच्चाराचा क्रम पाळला जातो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही चिन्हे पूर्ण जोडाक्षर ओलांडून हलवावी लागतात आणि तिथेच तो चुकतो. म्हणून संपूर्ण पुस्तक रूपांतरित करण्यापूर्वी ‘निर्मिती’, ‘स्थिती’, ‘वैशिष्ट्य’, ‘कार्यकर्त्यांनी’ अशा शब्दांची एक चाचणी-फाइल करून पाहा. ती निर्दोष उतरली, तरी मुद्रितशोधन टळत नाही, पण ते आटोक्यात येते.

आता ‘ऱ्य’विषयी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा फरक मराठीत अर्थाचा फरक आहे, त्यामुळे इथे तडजोड करून चालणार नाही. लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इन्स्क्रिप्ट मांडणी जोडा. तिच्यात इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’ असतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो. त्यानंतर ‘डी’च्या कळीने पाय मोडायचा आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ टाइप करायचा. साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घातले तरी डोळ्यांना हाच आकार दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे अक्षर ठरते. एका ऑपरेटरने पहिल्या पद्धतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने ‘वऱ्हाड’ लिहिले, तर शोध घेताना अर्धे उल्लेख सापडतच नाहीत आणि शब्दसूचीत एकच नाव दोनदा येते. म्हणून आपल्या संस्थेपुरता ‘ऱ’चाच नियम ठरवून टाका. ज्यांना इन्स्क्रिप्ट जमत नाही, त्यांच्यासाठी उच्चारानुसारी मांडण्याही उपलब्ध आहेत. पण रोज पानेच्या पाने टाइप करणाऱ्या माणसाने इन्स्क्रिप्ट शिकावे, असेच माझे मत आहे, कारण ती मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखीच असते आणि शिकलेले वाया जात नाही.

‘ल’ आणि ‘श’चे कारण फॉन्ट आणि भाषा यांच्या जोडणीत आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हेच मराठीचे आकार मानले आहेत. काही देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी आकार पुढे येतो. लिबरऑफिस या लेखन-हिशेबाच्या मुक्त प्रोग्राममध्ये पर्यायांच्या खिडकीत भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा आणि जुन्या मजकुरावर हिंदीची खूण राहिली असेल तर ती बदला. तरीही आकार बदलला नाही, तर त्या फॉन्टमध्ये मराठी आकार नाहीत असे समजून दुसरा फॉन्ट घ्या. मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट आज सहज मिळतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ त्यांतलाच एक आहे. लिनक्ससोबत बरीच वर्षे येत असलेल्या ‘लोहित’ फॉन्टवर रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी दीर्घकाळ मेहनत घेतली. लिनक्सवर मराठी नीट दिसते त्यामागे अशा माणसांचे काम आहे, म्हणून मुद्दाम हा उल्लेख केला.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. बॅटरी बदलली तरी फरक नाही.
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बॅटरीचा दोष नाही, साडेपाच तास हा आकडाच कारण सांगतो. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते आणि पडद्यावर दाखवताना त्यात भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र त्याच घड्याळातली वेळ स्थानिक आहे असे मानते. दोघांपैकी एकाने दुसऱ्याची पद्धत स्वीकारायला हवी. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने सांगता येते आणि घरगुती वापराला ते पुरेसे आहे.

प्रश्न : अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली. आता संगणक सुरू होताना मध्येच अडकतो. सगळे पुन्हा घालावे लागेल का? माझ्या फाइली गेल्या का?
— किराणा दुकानदार, परभणी जिल्हा

उत्तर : फाइली बहुधा सुरक्षित आहेत. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था, आपण कोणता बदल करणार आहोत याची नोंद आधी एका रोजनाम्यात करते आणि मग तो बदल करते. त्यामुळे मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार तिला ओळखता येतो. आपल्याकडे अडकले आहे ते पॅकेजांचे, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांचे, काम : काही उलगडून ठेवली गेली, पण त्यांची मांडणी पूर्ण झाली नाही.

संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्टची कळ दाबली की निवडीची यादी दिसते. तिथे प्रगत पर्यायांत जाऊन रिकव्हरी मोड निवडा. उबुंटू आणि मिंटमध्ये पुढे जो तक्ता येतो, त्यात तुटलेली पॅकेजे दुरुस्त करण्याचा पर्याय असतो. तो चालवला की अर्धवट काम जिथे थांबले होते तिथून पूर्ण होते. त्याच यादीत आधीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हाही दिसतो. नवा कर्नल अर्धवट बसला असेल तर जुना निवडून काम चालू ठेवता येते.

संगणक पुन्हा चालू झाल्यावर दोन गोष्टी अवश्य करा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती सुरू केली की प्रणालीची आधीची अवस्था परत आणता येते. पण टाइमशिफ्ट प्रणाली जपते, आपला हिशेब जपत नाही. दुकानाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागेल, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. दुसरी गोष्ट म्हणजे छोटा यूपीएस घ्या, किंवा तोवर अद्ययावतीकरण आपल्या भागातील वीजकपातीच्या वेळा टाळून करा.

प्रश्न : लिनक्सची मूळ संहिता सर्वांना पाहता येते, म्हणून ते सुरक्षित आहे असे म्हणतात. जी संहिता चोरालाही वाचता येते, ती सुरक्षित कशी? आणि अँटिव्हायरस लागतो का?
— बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : संहिता खुली असणे म्हणजे ती तपासली गेली असणे नव्हे, आणि हा फरक २०२४ साली सर्वांना कळला. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्याशा प्रकल्पाची देखभाल मुख्यतः एकच माणूस आपल्या मोकळ्या वेळात करत होता. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याचा विश्वास मिळवला, प्रकल्पाचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेपर्यंत तो पोचत होता. घातक भाग चाचणीसाठीच्या फाइलींत लपवलेला होता आणि तो जोडून घेणारी पायरी केवळ वितरणासाठीच्या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक भांडारातील संहितेत ती दिसत नव्हती.

तो चोरदरवाजा सापडला आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीच्या विकासकाला. एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरवर विनाकारण भार पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. ते कारणाच्या मागे लागले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व तपशील जाहीर केला. तोवर त्या आवृत्त्या डेबियन या वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या) चाचणी-शाखांत आणि फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या प्रायोगिक आवृत्त्यांत पोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती सुरक्षित राहिली.

या प्रसंगातून मला दोन्ही बाजू दिसतात. सगळे उघड होते म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला मुळापर्यंत जाता आले. पण ज्या कामावर लाखो यंत्रे विसंबून आहेत ते एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकावर सोडले होते, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. लिनक्स वापरून पैसे वाचवणाऱ्या संस्थांनी त्यातला काही भाग अशा प्रकल्पांना द्यावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

आपल्या रोजच्या वापरासाठी सल्ला थोडका आहे. स्थिर आवृत्ती वापरा, प्रोग्राम वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्या, अद्ययावतीकरण लांबवू नका आणि इंटरनेटवर सापडलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय प्रशासकाच्या अधिकाराने चालवू नका. वेगळा अँटिव्हायरस घरगुती लिनक्सला सहसा लागत नाही. मात्र बनावट संकेतस्थळावर आपणच पासवर्ड किंवा ओटीपी दिला, तर कोणतीही कार्यप्रणाली वाचवू शकत नाही, हे आपल्या व्यवसायामुळे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

प्रश्न : फ्रीबीएसडी आणि लिनक्स यांत नेमका फरक काय? शिकण्यासाठी लॅपटॉपवर घालू का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लिनक्स हे लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या कर्नलचे नाव आहे, त्याभोवतीची साधने १९८३ साली घोषित झालेल्या जीएनयू प्रकल्पातून आणि इतर अनेक ठिकाणांहून येतात, आणि ती एकत्र बांधण्याचे काम डेबियनसारखी वितरणे करतात. फ्रीबीएसडी ही स्वतंत्र कार्यप्रणाली असून तिचा वंश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीपर्यंत जातो. १९९३पासून चालत आलेल्या या प्रकल्पात कर्नल आणि मूलभूत साधने एकाच छताखाली, एकत्र विकसित होतात, त्यामुळे प्रणाली एकसंध वाटते आणि तिचे दस्तऐवजही तितकेच नेटके आहेत. परवानाही वेगळा आहे : लिनक्सचा जीपीएल, बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याची संहिताही द्यायला लावतो, तर बीएसडीचा परवाना तशी अट घालत नाही.

शिकण्यासाठी फ्रीबीएसडी जरूर घ्या, पण आभासी यंत्रात, म्हणजे आहे त्याच प्रणालीत प्रोग्रामने उभ्या केलेल्या संगणकात. लॅपटॉपवरील वायफाय आणि झोपेतून जागे होणे याबाबत लिनक्सचा हार्डवेअर-आधार अधिक व्यापक आहे, आणि परीक्षेच्या काळात त्यात वेळ घालवू नये. तिचे हँडबुक क्रमाने वाचत एक छोटा फाइल-सर्व्हर उभा करून पाहा.

प्रश्न : कार्यालयातील सर्व संगणक लिनक्सवर न्यावेत असे वाटते, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन विंडोजवरच चालतात.
— करसल्लागार, जालना

उत्तर : मग ते संगणक हलवू नका. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखले गेले नाही तर दंड आपल्या अशिलाला भरावा लागेल. काही टोकनांना लिनक्सवर आधार आहे. आपल्या टोकनावरील मॉडेलचे नाव पाहून एका सुट्या लॅपटॉपवर, हातात महिनाभर वेळ असताना प्रयोग करा. पत्रव्यवहार, टंकलेखन आणि स्कॅनिंगचे संगणक मात्र आजही लिनक्सवर नेता येतील. सुरुवात लिबरऑफिसपासून करा. तो विंडोजवरही चालतो, म्हणून कर्मचाऱ्यांना आहे त्याच संगणकांवर दोन-तीन महिने त्याची सवय होऊ द्या, आणि त्यानंतर कार्यप्रणाली बदला.