वाचकांचे प्रश्न : चा बुम-कुन यांची जर्मनीतील दहा वर्षे

गेल्या अंकातील दक्षिण कोरियाचा फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन याच्यावरील टिपणात त्याच देशाचे जुन्या पिढीतील आघाडीपटू चा बुम-कुन यांचा उल्लेख ओझरता आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सोनविषयी नसून चा यांच्याविषयीच होती. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

चा यांच्या नावावर बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, ९८ गोल आहेत. आजच्या नामांकित आघाडीपटूंच्या मानाने हा आकडा फार मोठा वाटत नाही. मग त्यांना आशियातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये का गणतात? (एक वाचक, कोल्हापूर)

आकडा खरा आहे. बुंडेसलीगातील ३०८ सामन्यांत चा यांनी ९८ गोल केले. त्यांपैकी ४६ आइनट्राख्त फ्रँकफर्टकडून आणि ५२ बायर लेव्हरकुसेनकडून आले. मात्र हे गोल कोणत्या परिस्थितीत झाले ते लक्षात घेतल्याशिवाय या आकड्याचे मोल कळत नाही.

या ९८ गोलांमध्ये पेनल्टीवर केलेला एकही गोल नाही. शिवाय चा यांचा जन्म १९५३चा, आणि फ्रँकफर्टकडून ते नियमित खेळू लागले तेव्हा त्यांनी वयाची २६ वर्षे पूर्ण केलेली होती. म्हणजे आघाडीपटूच्या उमेदीची कितीतरी वर्षे युरोपबाहेरच गेली होती. त्या काळी जर्मन संघाला एका सामन्यात दोनच परदेशी खेळाडू उतरवता येत असत. फ्रँकफर्टमध्ये त्यांपैकी एक जागा ऑस्ट्रियाचा नावाजलेला बचावपटू ब्रुनो पेझ्झाय याची होती आणि दुसरी चा यांची. दोन-तीन सामने वाईट गेले की अशा जागेवर नवा माणूस आणण्याचा विचार सुरू होतो. ती जागा त्यांनी दोन क्लबांत मिळून दहा हंगाम राखली, आणि तीही बचावपटूंच्या धसमुसळेपणाला पंच आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळीक देत त्या काळात. एवढ्या सामन्यांत त्यांना स्वतःला मात्र एकदाच पिवळे कार्ड दाखवले गेले. माझ्या मते त्यांच्या खेळाची खरी ओळख ९८ या आकड्यापेक्षा या एका कार्डातून अधिक पटते.

त्यांचा सर्वाधिक गोलांचा हंगाम १९८५-८६चा. त्या हंगामात त्यांनी लीगमध्ये १७ गोल केले आणि तो संपता संपता वयाची ३३ वर्षे पूर्ण केली. पुढे ते बरेचदा मध्यफळीत खेळू लागले आणि गोलांचा वेग साहजिकच मंदावला, तरीही १९८९मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा बुंडेसलीगात परदेशी खेळाडूने केलेल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम त्यांच्याच नावावर होता. पुढे तो स्वित्झर्लंडच्या स्टेफान शाप्युइझाने मोडला.

जर्मनीत खेळणारे ते पहिले आशियाई खेळाडू होते का? (एक वाचक, पुणे)

नाही. जपानचा यासुहिको ओकुदेरा १९७७मध्येच कोलोन संघात दाखल झाला होता, आणि त्या संघाने १९७८मध्ये लीग व जर्मन करंडक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली होती.

डार्मश्टाट या क्लबकडून ते एकच सामना खेळले असे माहितीत दिसते. दुखापत झाली होती का? (एक वाचक, नागपूर)

दुखापत झाली नव्हती. कारण लष्करी सेवेचे होते, आणि या प्रकरणाने त्यांची युरोपातील कारकीर्द सुरू होण्याआधीच संपण्याची वेळ आली होती.

दक्षिण कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. चा १९७६च्या अखेरीस हवाई दलात दाखल झाले आणि तेथील फुटबॉल संघाकडून खेळू लागले. तोपर्यंत ते देशभर प्रसिद्ध झाले होते. राष्ट्रीय संघात त्यांनी १९७२मध्येच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदार्पण केले होते. १९७६च्या सप्टेंबरमध्ये सोलमध्ये मलेशियाविरुद्ध कोरिया १-४ असा मागे पडलेला असताना शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी एकट्याने तीन गोल करून सामना ४-४ असा बरोबरीत सोडवला होता. जुन्या पिढीतील कोरियन माणसे हा सामना आजही आवर्जून सांगतात.

१९७८च्या डिसेंबरमधील घटना फार झपाट्याने घडल्या. २० डिसेंबरला बँकॉकमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचा अंतिम सामना दक्षिण आणि उत्तर कोरियात झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला आणि सुवर्णपदक दोन्ही देशांना विभागून देण्यात आले. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० डिसेंबरला, चा डार्मश्टाटकडून बोखुमविरुद्ध बुंडेसलीगाच्या मैदानावर उतरले. डार्मश्टाटचा तो संघही वेगळाच होता. त्यातील अनेक खेळाडू दिवसा नोकरी करत आणि काम संपल्यावर सरावाला येत, त्यामुळे जर्मनीत त्यांची ओळखच ‘कामावरून सुटून खेळणारा संघ’ अशी झाली होती.

चा यांची सेवा जवळजवळ संपल्यातच जमा आहे असे तेव्हा गृहीत धरले गेले होते, पण लष्कराने ते मान्य केले नाही आणि उरलेली मुदत पूर्ण करण्यासाठी त्यांना नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच मायदेशी परतावे लागले. १९७९च्या मे महिन्याच्या अखेरीस ते सेवेतून मुक्त झाले. त्या हंगामाअखेर डार्मश्टाट शेवटच्या क्रमांकावर राहून खालच्या श्रेणीत गेला, आणि जुलैमध्ये फ्रँकफर्टने त्यांना करारबद्ध केले. पुढे डार्मश्टाटचे तेव्हाचे प्रशिक्षक लोथार बुखमान हेही फ्रँकफर्टला आले आणि १९८१चा जर्मन करंडक संघाने त्यांच्याच हाताखाली जिंकला. त्या अंतिम सामन्यात काइझर्सलाउटर्नविरुद्धच्या ३-१ अशा विजयातील तिसरा गोल चा यांचा होता.

ज्या खेळाडूने त्यांना गंभीर जखमी केले, त्याच्याच संघात ते पुढे गेले, हे खरे आहे काय? (एक वाचक, मडगाव)

खरे आहे. २३ ऑगस्ट १९८०च्या सामन्यात लेव्हरकुसेनचा बचावपटू युर्गेन गेल्सडोर्फ मागून चा यांच्यावर आदळला. त्यांच्या कमरेच्या मणक्याला इजा झाली आणि कारकीर्द संपते की काय अशी शंका व्यक्त होऊ लागली.

फ्रँकफर्टच्या समर्थकांचा राग किती भडकला असेल हे समजण्यासाठी आधीच्या काही महिन्यांत काय घडले ते पाहिले पाहिजे. मार्चमध्ये संघाचा लाडका कर्णधार युर्गेन ग्राबोव्स्की म्योन्शेनग्लाडबाखच्या तरुण लोथार माथेउसशी झालेल्या झटापटीत जखमी झाला होता, आणि त्या दुखापतीने त्याची कारकीर्दच संपली. मे महिन्यात फ्रँकफर्टने युएफा करंडक (युरोपातील क्लबांची स्पर्धा) जिंकला तोही ग्राबोव्स्कीशिवाय. त्या स्पर्धेत उपांत्य फेरीतील चारही संघ पश्चिम जर्मनीचे होते. अंतिम फेरीतील पहिली लढत फ्रँकफर्टने म्योन्शेनग्लाडबाखमध्ये २-३ अशी गमावली, घरची लढत १-० अशी जिंकली आणि एकूण गोल ३-३ असे समान झाल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या जास्त गोलांच्या जोरावर करंडक मिळवला. पहिल्या फेरीत अॅबरडीनमध्ये अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या संघाविरुद्ध गोल करून चा यांनीच या मोहिमेची सुरुवात करून दिली होती. अशा खेळाडूलाही ग्राबोव्स्कीसारखेच गमवावे लागते की काय, ही भीती त्या रागाच्या मुळाशी असावी असे मला वाटते.

गेल्सडोर्फला धमक्या येऊ लागल्या, त्याच्यावर खटला भरावा अशीही मागणी झाली. चा यांनी मात्र कायद्याचा मार्ग धरला नाही. ते बरे होऊन त्याच हंगामात मैदानात परतले. वर ज्या करंडकाचा उल्लेख आला आहे, त्याच्या अंतिम सामन्यातील गोल या दुखापतीनंतरचा आहे. १९८३मध्ये आर्थिक अडचणीत सापडलेल्या फ्रँकफर्टने त्यांना सोडले तेव्हा ते लेव्हरकुसेनला गेले, आणि पुढील तीन हंगाम गेल्सडोर्फ त्यांचा संघसहकारी होता. या कारकिर्दीत गोल पुष्कळ आहेत, पण माणूस म्हणून त्यांच्याविषयी आदर वाटावा तो प्रामुख्याने येथे.

१९८८च्या युएफा करंडकाच्या अंतिम लढतीविषयी सविस्तर लिहावे. (दोन वाचक, मुंबई आणि सांगली)

लेव्हरकुसेनने तोवर एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. अंतिम फेरीची पहिली लढत ४ मे रोजी बार्सिलोनात एस्पान्योलविरुद्ध झाली आणि ती त्यांनी ०-३ अशी गमावली. एस्पान्योलच्या तीनपैकी दोन गोल सेबास्तियान लोसादाचे होते. १८ मे रोजी घरच्या मैदानावर परतीची लढत सुरू झाली, आणि मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. म्हणजे उरलेल्या ४५ मिनिटांत किमान तीन गोल हवे होते आणि एकही खायचा नव्हता.

५७व्या मिनिटाला ब्राझीलच्या तिताने पहिला गोल केला, ६३व्या मिनिटाला फाल्को ग्योट्झने दुसरा. तिसऱ्यासाठी मात्र बराच वेळ वाट पाहावी लागली. अखेर ८१व्या मिनिटाला चा यांनी हेडर मारून चेंडू जाळ्यात धाडला आणि दोन्ही लढतींतील गोलसंख्या ३-३ अशी समान झाली. चार दिवसांनी ते ३५ वर्षांचे होणार होते. जादा वेळेतही निकाल लागला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये लेव्हरकुसेनची पहिलीच पेनल्टी वाया गेली, पण नंतर एस्पान्योलच्या खेळाडूंचा नेम चुकत गेला आणि शेवटी पहिल्या लढतीचा नायक लोसादा यानेच चेंडू गोलाच्या आडव्या खांबावरून बाहेर मारला. लेव्हरकुसेनने शूटआउट ३-२ असा जिंकला. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून युएफा करंडक जिंकण्याचा मान त्यामुळे चा यांना मिळाला.

जर्मनीत असताना ते कोरियाकडून का खेळले नाहीत? (एक वाचक, औरंगाबाद)

क्लबच्या हंगामातून त्यांना मोकळे करून घेणे आणि दूरच्या प्रवासाला नेणे तेव्हा सोपे नव्हते, त्यामुळे १९७९नंतर जवळजवळ सात वर्षे ते राष्ट्रीय संघाबाहेरच राहिले. १९८६च्या विश्वचषकासाठी मात्र त्यांना बोलावण्यात आले. १९५४नंतर कोरिया प्रथमच तेथे पोहोचला होता. गटात अर्जेंटिना, इटली आणि बल्गेरिया असे संघ आले. चा तिन्ही सामने खेळले, पण त्यांना गोल करता आला नाही आणि कोरियाला एका बरोबरीवर समाधान मानावे लागले. एवढ्या वर्षांच्या खंडानंतरही कोरियन महासंघाच्या नोंदीनुसार त्यांच्या खात्यावर १३६ आंतरराष्ट्रीय सामने आणि ५८ गोल आहेत.

याच संदर्भात जर्मनीतील कोरियन लोकांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. १९६३पासून सुमारे ८ हजार कोरियन खाणकामगार आणि १० हजारांहून अधिक परिचारिका पश्चिम जर्मनीत कामासाठी गेल्या होत्या. दिवसभर जमिनीखाली किंवा रुग्णालयात राबणाऱ्या या माणसांना शेजारपाजारच्या जर्मनांच्या तोंडून आपल्या मायदेशातील एखाद्या माणसाचे नाव कौतुकाने ऐकायला मिळणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती याची कल्पना, परदेशात नोकरीसाठी राहिलेल्या आपल्या वाचकांना सहज करता येईल.

सोनने त्यांचा विक्रम केव्हा मोडला? निवृत्तीनंतर चा यांनी काय केले? (एक वाचक, ठाणे)

युरोपातील क्लबांकडून चा यांचे सर्व स्पर्धांत मिळून १२१ गोल होते, आणि कोरियन खेळाडूंमध्ये तो विक्रम होता. स्वतः लेव्हरकुसेनकडून दोन हंगाम खेळलेल्या सोनने टॉटनहॅम या इंग्लिश क्लबकडून खेळताना ६ नोव्हेंबर २०१९ रोजी बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध दोन गोल करून ही संख्या ओलांडली. त्याच्या तीनच दिवस आधी एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशला सोनच्या टॅकलनंतर भयंकर दुखापत झाली होती. विक्रमी गोलानंतर सोनने आनंद साजरा केला नाही, तर कॅमेऱ्याकडे पाहून हात जोडून क्षमा मागितली.

चा यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द चढउतारांची झाली. १९९८च्या विश्वचषकात नेदरलँड्सकडून ०-५ असा पराभव झाल्यावर स्पर्धा चालू असतानाच त्यांना राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. ही वागणूक मला अन्यायाची वाटते. नंतर सुवोन सॅमसंग संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ आणि २००८मध्ये कोरियाची लीग जिंकली. त्यांचा फ्रँकफर्टमध्ये जन्मलेला मुलगा चा दू-री हाही जर्मनीत आणि राष्ट्रीय संघाकडून खेळला. २०१९मध्ये जर्मनीने चा यांना आपला राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान दिला.

याशिवाय १९८८पासून शालेय वयाच्या होतकरू फुटबॉलपटूंना त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो लहानपणी मिळवणाऱ्यांमध्ये पुढे मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला पार्क जी-सुंग हाही होता.