‘सर्सिनेट’ म्हणजे नेमके कसे वळलेले?

नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, वर्णनात ‘पाने कोवळेपणी सर्सिनेट असतात’ असे वाक्य येते. त्यातील ‘सर्सिनेट’चा अर्थ आणि व्युत्पत्ती काय, अशी विचारणा आहे. ‘वर्तुळाकार’ एवढाच अर्थ घेतला, तर या शब्दातला महत्त्वाचा भाग निसटतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सह्याद्रीतल्या ओलसर दरडीवर नेच्याचे नवे पान वर येते, तेव्हा ते घड्याळाच्या स्प्रिंगसारखे एकाच प्रतलात गुंडाळलेले असते. त्याचे टोक वेटोळ्याच्या अगदी मध्यभागी आणि देठाकडचा भाग बाहेरच्या फेऱ्यात असतो. टोकाकडून बुडाकडे झालेली ही गुंडाळी म्हणजे ‘सर्सिनेट’. प्रथम पानाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जलद वाढते, म्हणून पान आत वळते. पुढे वरच्या बाजूच्या पेशी लांबू लागल्या, की ते उलगडते, आणि तोवर वाढीचे नाजूक टोक सर्वांत आत सुरक्षित राहते. काकडीच्या वेलाचा तणावा, म्हणजे आधाराला वेढणारा तंतू, वळत वळत पुढे सरकतो, त्याची वेटोळी एका प्रतलात राहत नाहीत, म्हणून त्याला हा शब्द लावू नये.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘किर्किनुस’, म्हणजे वर्तुळ काढायचा कंपास. त्यावरून ‘गोल करणे’ या अर्थाचे क्रियापद आणि त्याचे ‘किर्किनातुस’ हे विशेषण आले. ‘किर्किनुस’च्या मागे कडे किंवा वर्तुळ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. फ्रेंच खगोलज्ञ लाकाय याने 18व्या शतकात दक्षिण आकाशातल्या एका लहान तारकासमूहाला हेच कंपासाचे नाव दिले.

मराठीत यासाठी ‘अवसंवलित’ ही संज्ञा आहे. ती उच्चाराला जड असली, तरी तिच्यातला ‘वल्’ धातू आपल्या ‘वळणे’चाच आहे, आणि ‘अव’ या उपसर्गाने खालच्या दिशेचा बोध होतो. ‘कुंडलित’ सोपा आहे. मात्र त्यात दिशा कळत नाही, म्हणून शास्त्रीय वर्णनात मी ‘अवसंवलित’च पसंत करेन.

भुरुंडीचा टोकाशी वळलेला फुलोरा याच घाटाचा. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तशा फुलोऱ्याला विंचवाच्या नांगीवरून नाव दिले, तर संस्कृतात याच वनस्पतीला हत्तीच्या सोंडेवरून हस्तिशुंडी म्हटले.

ही संज्ञा नेच्यांपुरतीही नाही. सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या पानांतल्या कोवळ्या दलांत (पर्णिकांत) आणि कीटकभक्षी ड्रॉसेराच्या पानांत हीच गुंडाळी दिसते. उलट ऑफिओग्लॉसम ही नेच्यांतलीच प्रजाती असून तिचे कोवळे पान असे वळलेले नसते.